न दुखणारी गाठ

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. तू रडली असतीस तर बरं वाटलं असतं गं. "ताई, इथे गाठ लागलीय, दुखत वगैरे काही नाहीये, पण आमचे डॉक्टर म्हणाले, टाटाला दाखवून घ्या," एवढं बोललीस आणि लगेच सासूबाईंच्या गुडघ्यावर आलीस, तिथून लेकीच्या घटक चाचणीवर, तिथून घराच्या गळतीवर. मागे माणसांचे आवाज येत होते, म्हणून मीही काही विचारलं नाही. पण तुझा आवाज मी तू बोलायला लागल्यापासून ओळखते. तू घाबरलीयेस. म्हणून हे लिहितेय. दुपारी सगळे बाहेर पडले की दार लोटून घे आणि सावकाश वाच.

आधी त्या शब्दाबद्दल बोलू. आपल्याकडे 'टाटा' हा शब्द, म्हणजे कॅन्सरच्या हॉस्पिटलचं नाव, आवाज खाली घेऊन उच्चारतात. "त्यांना टाटाला नेलंय म्हणे." ऐकणारी तोंडावर पदर धरते आणि दोघींचं त्या माणसाबद्दल ठरूनच जातं. मी खारघरला राहायला आले तेव्हा माझंही तसंच होतं. सेक्टर बावीसकडे, तिथल्या टाटाकडे जाणारी रिक्षा दिसली की मी मान फिरवायचे. आता इतकी वर्षं झाली, रोज भाजीला जाताना त्या रिक्षा बघते. त्यात केस गेलेली, तोंडाला मास्क लावलेली लहान पोरं असतात, कडेला बसायला भांडत असतात. आणि त्यातच दहा-दहा वर्षांपूर्वी उपचार झालेल्या बायका असतात, फक्त तपासणीला आलेल्या. हातातली फाइल विटेएवढी जाड आणि बाई ठणठणीत. या बायका तुला कुणी दाखवल्या नाहीत, म्हणून तू घाबरतेस. गेलेल्यांची बातमी गावभर होते, बऱ्या झालेल्या गुपचूप घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात.

आता मामीचं सांगते. तुला ती आठवत असेल पापड लाटताना गाणी म्हणणारी. तिला गाठ लागली तेव्हा तू शाळेत होतीस, तुला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं होतं. धाराशिवच्या त्या घरी, माजघरात, दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात धरून ब्लाउजवरूनच लावला. लिंबाएवढी होती, कडक. मी म्हटलं, "मामी, दाखवून या." ती म्हणाली, "अगं, दुखत नाही बघ अजिबात. दुखलं तर जाईन की." आणि मी गप्प बसले. फराळाचं होतं, पाहुणे होते, मी लहान, तिला काय सांगणार, असं माझं मलाच समजावलं. पुढच्या पंचमीला ती गाठ फुटली तेव्हा सगळं हाताबाहेर गेलं होतं. ती दिवाळी माझ्या डोक्यातून जात नाही. तिनं मला विश्वासानं सांगितलं आणि मी तिचं ते 'दुखत नाही' खरं मानलं.

म्हणून काल तूही फोनवर अगदी त्याच सुरात "दुखत वगैरे काही नाहीये" म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

ऐक. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे खरं आहे, आणि ते मी तुला पुन्हा पुन्हा सांगेन. पण गाठ दुखत नाही हा काही तिच्या साधेपणाचा दाखला नव्हे. पाळीच्या आधी दुखणाऱ्या, मग विरणाऱ्या गाठी बऱ्याचदा साध्या निघतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि तिथेच आपण बायका फसतो. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की असह्य झाल्याशिवाय स्वतःचं दुखणं काढायचं नाही. इथे असह्य व्हायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. गाठ साधी की कशी, ते हाताला कळत नाही, वैद्याच्या नाडीलाही कळत नाही. ते डॉक्टरांच्या तपासणीनं, मॅमोग्राफी-सोनोग्राफीनं आणि शेवटी सुईनं काढलेल्या तुकड्यानं कळतं. त्या तुकड्याच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात.

तुझ्या जाऊबाई म्हणाल्या ना, सुई लावली की कॅन्सर पसरतो? त्यांनी ते मनापासून सांगितलं असेल, पण ते खरं नाही. उलट बायोप्सी न करताच "एवढीशी तर आहे, काढून टाकू" म्हणून घाईघाईनं गाठ काढून घेणं, हे मला जास्त भीतीचं वाटतं. कॅन्सर निघाला तर आधी काय करायचं, ऑपरेशन की केमो, किती काढायचं, हे सगळं त्या तपासणीवर ठरतं. अर्धवट काढून मग टाटाला आलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांचं काम अवघड होऊन बसतं. तेव्हा गावात कुणी कितीही आग्रह केला तरी हात लावू देऊ नकोस.

आता मला तुला त्या हॉस्पिटलची गोष्ट सांगू दे, कारण परक्या जागी जाताना ती जागा कुणी बांधली हे कळलं की पाऊल जरा हलकं पडतं.

मेहरबाई टाटा नावाची एक बाई होती. दोराबजी टाटांची बायको, जमशेटजींची थोरली सून. साडी नेसून टेनिस खेळायची आणि बक्षिसं जिंकायची. मुलींची लग्नं लहान वयात लावू नयेत म्हणून शारदा कायद्याच्या बाजूनं बोलायला उभी राहायची. तिच्याकडे २४५ कॅरेटचा एक हिरा होता, जुबिली हिरा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली टाटांचा पोलादाचा कारखाना बुडायला आला, तेव्हा नवराबायकोनं आपली सगळी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली, त्यात तो हिराही गेला. कारखाना वाचला. पण १९३१ साली मेहरबाई ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं, गेली. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले, जाण्याआधी सगळं ट्रस्टला देऊन. हिरा नंतर विकला गेला, त्याचे पैसेही त्या ट्रस्टकडे गेले. त्याच ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तेव्हा खाटा होत्या ८०.

ज्या बाईकडे एवढं सगळं होतं, तिलाही त्या काळात वाचवता आलं नाही. आणि आज त्याच आजाराच्या कितीतरी मुलांना बरं करून घरी पाठवतात. मी त्या पोरांच्या रिक्षा बघते तेव्हा मला मेहरबाई आठवते.

पुढे १९६२ साली हॉस्पिटल सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आलं. आजही ते त्याच खात्याचं आहे. लोक 'टाटा' म्हणतात म्हणून त्यांना खासगी वाटतं, आणि खासगी म्हटलं की खर्चाच्या धास्तीनं घरीच बसतात. अणुऊर्जा खातं उभं करणारे होमी भाभा हे मेहरबाईंच्या सख्ख्या भावाचे चिरंजीव. आत्याच्या आठवणीत उभं राहिलेलं हॉस्पिटल भाच्याच्या खात्यानं सांभाळायला घेतलं. मला हे फार आवडतं. आपल्या घरातही आत्या-भाच्याचं नातं कसं असतं, तुला सांगायला नको.

मेहरबाई पारशी, श्रीमंत, आपल्यापासून लांबची, असं म्हणशील. तर मग कमल रणदिवेंचं ऐक. पुण्याच्या. माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरच नवरा करावा, असं त्यांच्या मनात होतं. तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं आणि लग्न गणिताच्या अभ्यासकाशी केलं. मुंबईत येऊन टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली कामाला लागली. हे खानोलकरही आपलेच. आपल्या देशात रोगनिदानशास्त्राचा पाया त्यांनी घातला. त्यांनी १९४५ साली सूर्याबाई नावाच्या सहकारी बाईंबरोबर लिहून ठेवलंय की धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट काचत राहिली तर तिथे कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सर म्हणजे नशीब किंवा पाप, असं लोक समजत होते तेव्हा हा माणूस माणसांच्या कमरेचे वळ बघत होता, तोंडातली तंबाखू बघत होता.

कमलताईंनी १९४९ साली पीएचडी केली, अमेरिकेत बाल्टिमोरला शिकून आल्या आणि मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, म्हणजे शरीरातल्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवायची. स्तनाच्या कॅन्सरचा संप्रेरकांशी, आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, यावर त्या उंदरांवर प्रयोग करत राहिल्या. तू ज्या तपासण्यांना घाबरतेस ना, त्या शास्त्राची इथली सुरुवातीची मेहनत एका पुण्याच्या बाईनं केलीय, तीही घर सांभाळून. पुढे १९८२ साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात राहिल्या. आणि १९७३ साली ज्या बायकांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली, त्यांतही त्या होत्या. त्या संघटनेची इमारत इथे वाशीला आहे. मागे मी तुला वाशीत साडी घ्यायला घेऊन गेले होते, तिथून जवळच. पुढच्या खेपेला तीही दाखवीन.

परळची जागा अपुरी पडायला लागली. त्या हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर झोपणारी माणसं तू टीव्हीवर पाहिली असशील. ती खरी आहेत, तिथे आजही मनाला लागेल अशी गर्दी असते. मग खारघरच्या डोंगराच्या बाजूला साठ एकर जागा मिळाली आणि २००२ साली कॅन्सर संशोधन संस्था परळहून इकडे आली. तिचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, आद्याक्षरांनी 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणतात. रिक्षावाल्याला 'टाटा हॉस्पिटल' म्हटलंस तरी तो बरोबर सोडतो. संशोधनाच्या इमारतीला नाव आहे 'खानोलकर शोधिका'. शेजारी रुग्णांवरच्या उपचारांची इमारत आहे. अलीकडे बायका आणि मुलांसाठी वेगळी मोठी इमारत झाली. आत झाडं आहेत, मोकळं आकाश आहे. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी उतरताना दिसतं. आजारी माणसाला आकाश दिसणं ही काही छोटी गोष्ट नाही.

इथे काय काय होतं, ते थोडक्यात सांगते, नाहीतर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवेल आणि तू गोंधळशील. अस्थिमज्जा बदलण्याचं, म्हणजे बोन मॅरोचं काम इथे होतं. ४ जून २०२१ला देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती इथेच एका रुग्णाला दिली. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढायच्या, कॅन्सर ओळखायला शिकवायच्या आणि परत सोडायच्या. पवईच्या आयआयटीनं आणि टाटानं मिळून ते केलं, परदेशाच्या कितीतरी कमी खर्चात. पण ते रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी आहे. तसंच शेक, म्हणजे रेडिएशन, देणारं प्रोटॉनचं मोठं यंत्र आहे. सरकारी क्षेत्रातलं देशातलं ते पहिलं, २०२३ साली सुरू झालं. नेहमीचे शेक शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, म्हणून मेंदूपाशी, मणक्यापाशी, डोळ्यापाशी गाठ असलेल्या मुलांना त्याचा फार उपयोग. भावजींना कुणीतरी सांगेल, 'प्रोटॉनच घ्या, लेटेस्ट आहे'. ते सगळ्यांना लागत नाही. मोठ्या यंत्राचा हट्ट धरू नका.

मला तर त्या यंत्रांपेक्षा दोन साध्या गोष्टींचा जास्त अभिमान वाटतो.

एक म्हणजे व्हिनेगर. तेच, चायनीजच्या गाडीवर असतं ते, फक्त मोजून पातळ केलेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे फार बायकांना होतो, आणि तो पटकन होत नाही, वर्षानुवर्षं आधी खुणा दाखवतो. पण त्या खुणा शोधायच्या तर प्रयोगशाळा हवी, तज्ज्ञ हवेत, पैसे हवेत. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम सुरू केलं. दहावी शिकलेल्या बायकांनाच त्यांनी शिकवलं. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं. बिघडलेली जागा पांढरी पडते. बस. दीड लाख बायका त्या अभ्यासात होत्या, निम्म्यांची तपासणी झाली. बारा वर्षांनी हिशोब केला तेव्हा तपासलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. एक बोळा, एक टॉर्च आणि शेजारच्या वस्तीतली एक शिकवलेली बाई.

आणि आपल्या माहेरी काय झालं, माहीत आहे? धाराशिवच्या गावागावांतून त्याच सुमाराला असंच काम झालं, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. त्यातून निघालं की आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची, म्हणजे या कॅन्सरमागच्या विषाणूची, तपासणी झाली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. २००९ साली हे जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि देशोदेशी त्यावरून धोरणं ठरवली गेली. आपल्या तिकडच्या बायका गं, ज्यांना तपासणीच्या टेबलावर चढायची लाज वाटली असेल, तरी त्या चढल्या.

दुसरी गोष्ट तुझ्या कामाची आहे. दाताच्या डॉक्टरकडे सुन्न करायचं इंजेक्शन देतात ना, तसंच औषध. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती ते टोचून बघितलं. देशातल्या अकरा ठिकाणी, १,५८३ बायकांवर. २०२३ साली निकाल छापला. पाच वर्षांनी, ज्यांना ते दिलं त्यांच्यापैकी शंभरात नव्वद हयात होत्या, ज्यांना नाही दिलं त्यांच्यात शहाऐंशी. शंभरामागे चार बायका, आणि औषध काही रुपयांचं. तुझं पुढे ऑपरेशन ठरलंच तर आपण डॉक्टरांना याबद्दल विचारू. विचारण्यात काही चूक नाही. ती माणसं गर्दीत असतात, घाईत असतात, पण नीट विचारलं की सांगतात.

सोमवारी तू दाखवायला येणार आहेस, आता त्याचं बघू.

मुंबईला यायच्या आधी तिथे झालेल्या सगळ्या तपासण्यांचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घाल. नुसते रिपोर्ट नको, मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडीसुद्धा. बायोप्सी तिथे झाली असेल तर लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घे. लॅबवाले 'रिपोर्ट आहे की' म्हणतील, तरी ब्लॉक माग. टाटात ते पुन्हा त्यांच्या डोळ्यांनी बघतात, आणि तेवढ्यासाठी लोकांना परत गावी पळावं लागतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन-तीन फोटो घे. रेशन कार्डावर तुझं नाव आहे ना? लग्नानंतर चढवलंच नाही, असं असेल तर आजच भावजींना तलाठ्याकडे-तहसीलला पाठव, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेला ते लागतं. योजनेचं उपचार सुरू व्हायच्या आधीच बोलायचं, मागाहून धावपळ होते. हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात. त्यांच्यासमोर घरची परिस्थिती झाकू नकोस. आपल्याला वाटतं, कशाला आपली गरिबी उघडी करायची. तिथल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचे उपचार फुकट किंवा अगदी नाममात्र पैशांत होतात, ते त्यांनी खरं सांगितलं म्हणूनच.

नोंदणी करताना 'जनरल' की 'प्रायव्हेट' असं विचारतील. लाजेकाजेखातर प्रायव्हेट सांगू नकोस. डॉक्टर तेच असतात, रांग मोठी असते एवढंच. मग एक कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून ठेवायचे आणि तपासणी होईल तसे त्यातून जातात. रोख घेऊन खिडक्या-खिडक्या फिरावं लागत नाही. पुढे कधीतरी 'जॉइंट क्लिनिक' हा शब्द ऐकू येईल. घाबरू नकोस. ऑपरेशनचे, केमोचे, शेक देणारे, असे सगळे डॉक्टर एकत्र बसून तुझ्या केसचं ठरवतात, त्याला तसं म्हणतात. एकट्या डॉक्टरच्या मतावर तुझं काही ठरणार नाही, हे किती चांगलं.

पहिल्या दिवशी निकाल मिळणार नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तपासण्या, तारखा, परत या. हाच काळ सगळ्यात अवघड असतो, आणि यातच माणसं कंटाळून घरी जाऊन काढ्याकडे वळतात. तू माझ्याकडेच राहणार आहेस. लांबून येणाऱ्यांना धर्मशाळा शोधाव्या लागतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे देशभरातून आलेली कॅन्सरची माणसं राहतात. तुला बहीण आहे. पुढे लांबून येणं-जाणं करावं लागलंच तर रेल्वेचीही सवलत आहे, उपचाराच्या प्रवासाला रुग्णाचं स्लीपर आणि थ्री-एसीचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्याचं पाऊण. फॉर्म हॉस्पिटलातून भरून मिळतो. जवळच्या कुणाला उपयोग होईल तर सांगून ठेव.

केस जातील का, सगळं काढावं लागेल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात आहे. पुष्कळ बायकांचा स्तन वाचवूनच ऑपरेशन करतात, गाठ लवकर सापडली असेल तर जास्तच. केमो लागली तर केस जातात, आणि येतात. माझ्या मजल्यावरच्या वहिनींचे आले ते आधीपेक्षा कुरळे. पण अजून आपल्याला गाठ काय आहे तेच माहीत नाही. एकेक पायरी.

लेकीचं मात्र लगेच कर. आठवीत आहे ना? गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस याच वयात घ्यायची असते, नऊ ते चौदात. पुण्याच्या सीरमनं आपल्या देशातली लस जानेवारी २०२३ला आणली, सर्व्हावॅक नावाची. मुलांच्या डॉक्टरांना विचार. आणि सासूबाईंची मशेरी. मला माहीत आहे, सकाळी ती लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही आणि तू ती भाजून देतेस. भाजलेली असली तरी तंबाखूच ती. एकदा उजेडात त्यांचं तोंड बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेला फोड, घास घेताना तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर त्यांनाही सोबत आण. दोघी सासवासुना एकाच फेरीत होतील. रागावतील, पण तू जाणार म्हटल्यावर त्याही येतील बघ. तुझ्यावर त्यांचा जीव आहे.

भावजींशी आज रात्री बोल. 'ताईकडे जाऊन येते' असं मोघम सांगू नकोस. 'छातीत गाठ आहे, कॅन्सर नाही ना हे बघायचंय, तुम्ही सोबत चला' असं सरळ सांग. हे शब्द मोठ्यानं उच्चारायला तुला लाज वाटेल. मला सांगताना तू 'इथे' म्हणालीस, नाव घेतलं नाहीस. मामीनंही नाव घेतलं नव्हतं. एकदा आरशासमोर म्हणून बघ, मग त्यांना सांगायला जमेल. ते घाबरले तर घाबरू दे. त्यांना मोबाइल दे, मी बोलते.

माणगावहून पहाटेची एसटी धर, पनवेलला उतर, तिथून लोकलनं खारघर. पुलावरून खाली ये, मी तिकीट खिडकीपाशी उभी असेन. सात वाजल्यापासून. डबा आणू नकोस, मी थालीपीठ आणि दही आणते, ते बाहेर झाडाखाली बसून खाऊ. घरातून निघताना, स्लाइड मिळाल्या असतील तर ती पिशवी हातात ठेव, बॅगेत कोंबू नकोस, काच आहे ती.